लेझीम, मल्लखांब आणि मानवी मनोरा : कोणत्या वयाला कोणता सराव?

शालेय शारीरिक शिक्षणाचा विचार करताना कवायत आणि मैदानी खेळ या दोनच गोष्टी सामान्यतः नजरेसमोर येतात. या दोहोंच्या मध्ये सामूहिक व प्रेक्षणीय कसरतींचे एक समृद्ध दालन आहे. प्रजासत्ताक दिनाचे संचलन असो, गणेशोत्सवाची मिरवणूक असो वा गोकुळाष्टमीचा दहीकाला असो, ताल, शिस्त व धाडस यांचा मेळ घालणाऱ्या या कसरतींनी महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन उजळून टाकले आहे.

परंतु उत्साहाच्या भरात एक साधा प्रश्न मागे पडतो. कोणत्या वयाच्या मुलाने यांपैकी काय करावे आणि त्यासाठी किती वेळ द्यावा? हा प्रश्न न विचारल्यामुळे दोन प्रकारची हानी होते. सरावाची आवड असलेले मूल केवळ बघ्याच्या भूमिकेत राहते, किंवा पूर्वतयारी नसलेले मूल उंच थरावर चढविले जाते. दुसऱ्या प्रकारची किंमत कधीकधी आयुष्यभर मोजावी लागते.

इतर देशांनाही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. अमेरिकेत १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या मैदानावर प्रेक्षकांच्या संघटित जयघोषातून चीअरलीडिंगचा आरंभ झाला. पुढे त्यात उड्या, कोलांट्या व मानवी मनोरे आले. आज तेथे छंद म्हणून येणाऱ्यांची पथके, शाळेची पथके आणि वर्षभर सराव करणारी स्पर्धात्मक पथके असे स्वतंत्र थर आहेत, आणि वय व कौशल्य पाहूनच अवघड कसरतींना परवानगी मिळते. हेच तत्त्व आपल्या कसरतींना लावून पाहिल्यास तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात.

पहिली पायरी : लेझीम

लाकडी दांडा, त्याला जोडलेली लोखंडी साखळी आणि साखळीत अडकविलेल्या पत्र्याच्या चकत्या एवढेच लेझमीचे साहित्य. हलगी वा ढोलाच्या ठेक्यावर पन्नास-शंभर मुले एकाच वेळी हात-पाय हलवू लागली की खांदे, कंबर व मांड्या यांना उत्तम व्यायाम घडतो. ‘चार आवाज’, ‘आठ आवाज’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’ हे हात शिकविताना शिक्षकाला फारशा साधनांची गरज भासत नाही. दिल्ली येथे १९८२ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटन सोहळ्यात महाराष्ट्राच्या लेझीम पथकाने आपली कला सादर केली होती.

लेझमीत पडण्याचे भय जवळजवळ नाही. प्राथमिक शाळेतील मुलांना हलकी लेझीम देऊन सुरुवात करता येते. मुली, मुले, तरुण, प्रौढ असे सर्वजण एकाच पथकात उभे राहू शकतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा तास मिळाला तरी काही आठवड्यांत पथक तयार होते. ज्या गावात प्रशिक्षित व्यायामशिक्षक नाही आणि निधी तुटपुंजा आहे, त्या गावाने येथूनच आरंभ करावा.

दुसरी पायरी : मल्लखांब

मल्लखांबाला नियमित वेळ द्यावा लागतो. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या व्यायामाचा निर्देश आढळतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. मुंबईच्या शिवाजी पार्कवर २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा पार पडली. या क्षेत्रातील कार्याबद्दल श्री. उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

याचे मुख्य प्रकार तीन. जमिनीत रोवलेला पुरलेला मल्लखांब, साखळीने अधांतरी टांगलेला मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब. पुरलेला खांब सागवानी वा शिसवी असून वर निमुळता होत जातो, आणि त्याला एरंडेल तेल लावतात. अढी, तेढी, दसरंग, फरारे, ताजवा अशा क्रमाने कौशल्य वाढत जाते. खांबावर शरीराची पकड मुख्यतः मांड्यांची असते, तर दोरीवर पायाच्या अंगठ्याला व त्याशेजारच्या बोटाला फार महत्त्व येते. दोरीच्या मल्लखांबात मुलींनी विशेष नाव कमावले आहे. टांगलेला खांब झुलतो व फिरतो. म्हणून पुरलेल्या खांबावर हुकमत आल्यावाचून त्याकडे वळू नये.

सहा-सात वर्षांच्या मुलास साध्या पकडी शिकविता येतात. येथेही दोन वाटा आहेत. प्रकृतीसाठी व आनंदासाठी येणाऱ्यास रोजचा एक तास पुरेसा होतो. स्पर्धेत उतरणाऱ्यास वर्षानुवर्षे रोज दोन-तीन तासांची तयारी ठेवावी लागते. खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धांत व २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाल्याने ही दुसरी वाट आता अधिक प्रशस्त झाली आहे. मात्र दोन्ही वाटांवर जाणकार मार्गदर्शक आणि खांबाभोवती जाड गाद्या अनिवार्य समजाव्यात.

तिसरी पायरी : दहीहंडीचा मनोरा

मानवी मनोऱ्यात धोका सर्वांत अधिक असतो. खालच्या थरातील माणसाच्या खांद्यावर वरील अनेकांचा भार पडतो, आणि एकाचा पाय घसरला तरी सर्वांचा तोल जातो. उंची वाढते तसा सर्वांत वर हलक्या शरीराचा, म्हणजे लहान वयाचा गोविंदा लागतो. ज्याला धोक्याची जाणीव सर्वांत कमी, तोच सर्वांत उंचावर, ही या खेळातील खरी अडचण होय. ठाणे येथे २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकाने नऊ थर रचून सुमारे ४३ फुटांचा विक्रम नोंदविला, यावरून उंचीची कल्पना यावी.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८ वर्षांखालील मुलांचा सहभाग व २० फुटांवरील उंची यांवर निर्बंध घातले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २०१७ मध्ये, १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, ही राज्य शासनाची भूमिका उच्च न्यायालयाने नोंदवून घेतली. उंचीवर मात्र मर्यादा राहिली नाही. राज्य शासनाने २०२२ मध्ये दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, आणि त्यानंतर गोविंदांसाठी विमासंरक्षणाचीही सोय करण्यात आली.

उंचीचा निर्णय मंडळाच्या विवेकावर असल्याने स्थानिक कार्यकर्त्यांची जबाबदारी वाढते. अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. ज्याला सरावास नियमित येता येत नाही, त्याने त्या दिवशी थरात उभे राहू नये. त्याने गर्दी आवरण्याचे वा पडणाऱ्यास झेलण्याचे काम करावे. वरच्या गोविंदास शिरस्त्राण व सुरक्षादोर, खाली गाद्या आणि जवळ रुग्णवाहिका असल्याखेरीज हंडी बांधू नये.

गावपातळीवर काय करता येईल?

वर्षारंभी मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची एक साधी नोंद करावी. वय, प्रकृती, उपलब्ध वेळ आणि आवड, एवढे चार रकाने पुरेत. त्यावरून लेझीम पथक सर्वांसाठी व मल्लखांब निवडक नियमित मुलांसाठी अशी विभागणी सहज होते. ग्रामपंचायतीने लेझमींचा एक संच, एक खांब व काही गाद्या एवढी तरतूद करावी. दहीहंडीच्या आयोजकांशी उत्सवापूर्वी बैठक घेऊन थरांतील प्रत्येकाच्या वयाचा पुरावा तपासण्याचा आग्रह सरपंचांनी धरावा.

लेझमीतून ताल, मल्लखांबातून पकड व तोल आणि या दोहोंतून कमावलेली शिस्त घेऊन प्रौढ वयात मनोऱ्याकडे वळणारा तरुण स्वतःही सुरक्षित राहतो आणि खांद्यावरील सोबत्यालाही सांभाळतो. पायऱ्यांचा हा क्रम पाळणे शाळा, ग्रामपंचायत व उत्सव मंडळे या तिघांच्याही हातात आहे.