इन्सुलिन आणि अर्ध्या तासाचे पथ्य

“डॉक्टरसाहेब, इन्सुलिन टोचल्यावर जेवायला अर्धा तास का थांबायचं?” रुग्ण मला नेहमी विचारतात.

इन्सुलिन हे प्रथिन. जस्त मिळाले की त्याचे सहा-सहा रेणू आपोआप गट बांधतात. त्यामुळे ते बाटलीत टिकते. कातडीखाली विरळ झाल्यावर हे गट सुटतात, मगच इन्सुलिन रक्तात उतरते. वेळ लागतो तो यासाठी.

शास्त्रज्ञांनी त्याच्या ‘बी’ साखळीतील २८ व २९ क्रमांकाच्या अमिनो आम्लांची अदलाबदल केली. गट चटकन सुटू लागले. हे ‘लिस्प्रो’ इन्सुलिन अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाले. ते जेवणाआधी पंधरा मिनिटांच्या आत घ्यायचे असते. ते टोचून अर्धा तास उपाशी राहिल्यास साखर घसरून घाम सुटतो, चक्कर येऊ शकते. तेव्हा बाटली बदलली, की जेवणाची वेळ डॉक्टरांना जरूर विचारा.