वाहन-डिटेलिंग व्यवसायातील अप्रामाणिक आडवाटा आणि कामाची प्रमाणके : गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात

प्रस्तावना :

गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील गोदावरीकाठचे तालुक्याचे गाव होय. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून ते महाराष्ट्रास परिचित आहे. परभणी–परळी लोहमार्गावरील या गावाभोवती काळी जमीन, कापूस, सोयाबीन व ऊस असा शेतीचा पसारा आहे. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर वाहनकर्ज सुलभ होत गेले आणि चारचाकी वाहन जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याच्या गावी व तेथून खेड्यापर्यंत पोहोचले. शिक्षक, डॉक्टर, व्यापारी व बागायतदार यांच्या दारात वाहन उभे राहिले, तशी ते स्वच्छ व चकचकीत ठेवण्याची गरजही निर्माण झाली. या गरजेतून ‘वॉशिंग सेंटर’ हा व्यवसाय उदयास आला. अलीकडे त्याचेच पुढचे रूप ‘डिटेलिंग’ या नावाने सर्वत्र दिसू लागले आहे.

वाहन धुणे आणि डिटेलिंग यांत मूलभूत फरक आहे. धुण्यात केवळ मळ काढला जातो. डिटेलिंगमध्ये रंगाच्या पृष्ठभागाचे परीक्षण, त्यावरील ओरखडे कमी करणे, संरक्षक थर देणे तसेच आसने, गालिचे, काचा व रबरी भाग यांची पदार्थागणिक निगा राखणे यांचा समावेश होतो. म्हणजेच हे कौशल्याचे काम आहे. तथापि या कौशल्याचे मोजमाप ग्राहकाला सहसा करता येत नाही. चमक दिसते, काम दिसत नाही. या दोहोंमधील अंतरातच अप्रामाणिकपणाला वाव मिळतो. प्रस्तुत लेखात या व्यवसायातील प्रचलित आडवाटा, त्यांची कारणे, कायद्याची बाजू आणि कामाची किमान प्रमाणके यांचे विवेचन केले आहे.

रंगाची रचना व तिच्या मर्यादा :

आडवाटांचे स्वरूप समजण्यासाठी वाहनाच्या रंगाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर अशी ही मांडणी असते. कारखान्यातून आलेल्या वाहनावर या सर्वांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यांतील पारदर्शक थर ४०–५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये या थरातच असतात. कारागिरांच्या भाषेत ज्यास ‘रबिंग’ म्हणतात, त्या प्रक्रियेत ओरखडा भरला जात नाही. त्याच्या भोवतीचा पारदर्शक थर घासून ओरखड्याच्या पातळीवर आणला जातो. प्रत्येक रबिंगमध्ये या थराचा काही अंश कायमचा नष्ट होतो. घासून गेलेला थर पुन्हा आणता येत नाही. संपूर्ण भाग नव्याने रंगवावा लागतो. त्यामुळे या व्यवसायातील हलगर्जीपणाची झळ तात्काळ जाणवत नाही, ती दोन-तीन उन्हाळ्यांनंतर फिक्या पडलेल्या रंगाच्या रूपाने प्रकट होते. तोपर्यंत त्या कामाचा आणि या नुकसानीचा संबंध ग्राहकाच्या ध्यानात राहत नाही.

प्रचलित आडवाटा :

(१) एकच बादली, एकच फडके : काळ्या जमिनीचा चिखल चिकट असतो आणि वाळल्यावर त्याची बारीक धूळ होते. तिच्यासोबत वाळू व मुरमाचे कठीण कण असतात. पुरेसे पाणी मारून ते सुटे न करता फडके फिरवल्यास रंगावर असंख्य सूक्ष्म ओरखडे उमटतात. उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. चाके पुसलेले फडके पुन्हा बॉनेटवर फिरवणे हा याचाच अधिक घातक प्रकार होय.

(२) स्वस्त रसायने : वाहनासाठी बनवलेल्या शाम्पूऐवजी कपडे धुण्याची पावडर वापरली जाते. ती अल्कधर्मी असल्याने मळाबरोबर मेणाचा संरक्षक थरही धुऊन नेते. चाकांवरील डाग काढण्यासाठी शौचालय स्वच्छ करण्याचे ॲसिड वापरल्यास मिश्रधातूच्या चाकांचा पृष्ठभाग कायमचा निस्तेज होतो.

(३) रॉकेल व डिझेलची चमक : धुतल्यानंतर गाडीच्या खालच्या भागावर डिझेल अथवा जुन्या तेलाची फवारणी करून त्यास ‘अँटी-रस्ट’ असे नाव दिले जाते. काही काळ भाग काळाभोर व नवा दिसतो; परंतु खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, बुश व नळ्या लवकर निकामी होतात, धूळ अधिक चिकटते आणि ब्रेकच्या भागांवर तेल गेल्यास थेट अपघाताचा धोका उद्भवतो.

(४) ओरखडे झाकणे : ओरखडे दूर करण्याऐवजी तेलकट किंवा मेणयुक्त पॉलिशने ते भरून टाकले जातात. गाडी ताब्यात घेताना रंग आरशासारखा दिसतो. तीन-चार धुण्यांनंतर सर्व ओरखडे पुन्हा उघडे पडतात. आकारलेले पैसे मात्र ओरखडे काढल्याचे असतात.

(५) नावाची फसवणूक : ‘टेफ्लॉन कोटिंग’ हा शब्द आपल्याकडे अनेक वर्षे रूढ आहे. टेफ्लॉन ज्या द्रव्यापासून बनते त्याचा वितळणबिंदू सुमारे ३२७ अंश सेल्सिअस आहे. तव्यावर तो थर भट्टीत भाजून बसवला जातो. गाडीच्या रंगावर तसे करणे अशक्य आहे. म्हणजेच हाताने चोळलेल्या पॉलिशला तव्यावरील थराचे गुण येत नाहीत. त्याचप्रमाणे ‘सिरॅमिक कोटिंग’च्या जाहिरातीतील ‘९एच’ ही संज्ञा पेन्सिलच्या कठीणतेच्या चाचणीतील आहे; हिऱ्याला १० अंक देणाऱ्या मोह यांच्या मापनश्रेणीशी तिचा संबंध नाही. सिलिकायुक्त अस्सल कोटिंग रंगाचे रसायने, ऊन व पक्ष्यांची विष्ठा यांपासून काही प्रमाणात रक्षण करते, हे खरे. पण उडालेल्या खडीपासून ते वाचवू शकत नाही. तसा दावा करणे ही दिशाभूल होय.

(६) आतील भागाचा देखावा : गालिच्याखालचा स्पंज ओला ठेवून वरून सुगंधी फवारा मारला जातो. काही दिवसांतच बुरशी व कुबट वास येतो. डॅशबोर्डसाठीचे सिलिकॉनयुक्त द्रव स्टिअरिंग, पेडल किंवा टायरच्या जमिनीस टेकणाऱ्या भागावर लागल्यास पकड सुटते. येथे प्रश्न दिसण्याचा राहत नाही, जिवाचा होतो.

कारणमीमांसा :

या आडवाटांचे खापर केवळ कारागिराच्या नीतिमत्तेवर फोडणे अपुरे ठरेल. अर्थशास्त्राने या प्रश्नाची मांडणी फार पूर्वी केली आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार सांगितले : खरेदीपूर्वी पारखता येणाऱ्या आणि वापरानंतर पारखता येणाऱ्या. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये तिसरा प्रकार जोडला, तो म्हणजे वापरानंतरही ज्यांचा दर्जा ग्राहकाला सहज कळत नाही अशा सेवा. दुरुस्तीची कामे हे त्यांचे ठळक उदाहरण होय. डिटेलिंग याच वर्गात मोडते. ग्राहकाला विश्वासावर खरेदी करावी लागते.

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की जेथे दर्जाची माहिती केवळ विक्रेत्याकडे असते, तेथे ग्राहक सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल देणाऱ्यास परवडत नाही आणि तो बाजारातून बाहेर पडतो. या कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तालुक्याच्या गावी हे तत्त्व प्रत्यक्षात येते. स्वच्छ सूक्ष्मतंतूंची फडकी, दोन बादल्या, योग्य शाम्पू व पुरेसा वेळ यांसाठी खर्च करणाऱ्या कारागिराचा दर शेजारच्यापेक्षा जास्त असतो. दोन्ही गाड्या त्या दिवशी सारख्याच चमकतात. ग्राहक स्वस्त पर्याय निवडतो. परिणामी प्रामाणिक कारागिरासमोर दोनच वाटा उरतात : व्यवसाय सोडणे किंवा शेजाऱ्यासारखे होणे. या व्यवसायातील खरी हानी ही आहे. बिघडलेला रंग पुन्हा देता येतो. मात्र नीट काम करण्याची सवय एकदा मोडली, की ती सहजासहजी परत येत नाही.

मराठवाड्याच्या ग्रामजीवनात कामाचा दर्जा राखणारी एक जुनी व्यवस्था होती. सुतार-लोहाराला बलुते वर्षाकाठी मिळे आणि त्याने भरलेला नांगर त्याच गावच्या शिवारात चाले. काम कच्चे निघाल्यास ते वर्षभर सर्वांच्या नजरेसमोर राही. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार वर्णन आहे, त्यातून या व्यवस्थेतील दोष, कामचुकारपणा व तंटेही स्पष्ट होतात. शिवाय ती जातिबद्ध असल्याने तिचे गौरवीकरण करणे उचित नाही. तथापि काम करणारा व काम घेणारा यांचा दीर्घकालीन संबंध हा तिचा गुण आज नव्या स्वरूपात आणावा लागेल. महामार्गावरून एकदाच येणाऱ्या वाहनापेक्षा गावातील कायम ग्राहकाला अधिक काळजीने हाताळले जाते, याचे कारण हेच होय.

कामगार व पाणी :

गाडीमागे मोबदला असल्यास घाई हाच नियम बनतो. हातमोजे, रबरी बूट व डोळ्यांचे संरक्षण यांवाचून रसायने हाताळली जातात. चाके स्वच्छ करण्याच्या काही द्रवांमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. त्याच्या सौम्य द्रावणाने प्रारंभी वेदना होत नाहीत, पण ते त्वचेखाली खोलवर जाऊन इजा करते. म्हणून दर्जाची आडवाट कामगाराच्या शरीरावरूनही जाते, हे लक्षात घेतले पाहिजे.

पाण्याचा प्रश्न मराठवाड्यात वेगळा सांगण्याची गरज नाही. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी द्यावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. बंगळूर शहरात मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंडाची तरतूद करण्यात आली. बेसाल्ट खडकातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. ते उन्हात गाडीवर वाळल्यास क्षारांचे पांढरे डाग पडतात व ते काढण्यासाठी पुन्हा आम्ल किंवा रबिंग करावे लागते. त्यामुळे सावलीत धुणे व लगेच पुसणे यात पाण्याची व रंगाची अशी दुहेरी बचत होते. वापरलेले पाणी गाळाचा खड्डा व तेल वेगळे करणारा कप्पा यांतून न नेता नाल्यात सोडल्यास ते अखेरीस गोदावरीस मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गीकरणात वाहनांची सर्व्हिसिंग, दुरुस्ती व रंगकाम यांचा समावेश नारिंगी गटात करण्यात आला होता, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

कायद्याची बाजू :

ग्राहक चळवळीला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्यानुसार कबूल केलेल्या दर्जाची सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी ठरते, तर खोटा दावा करून सेवा विकणे आणि बिल न देणे या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. मात्र बिल न घेणाऱ्या ग्राहकाजवळ पुरावाच नसतो. ‘बिल कशाला?’ या संवादात दोघेही थोडी बचत करतात. पण हक्क मात्र एकाचाच जातो.

कामाची किमान प्रमाणके :

वाहन-उद्योगासाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलने या क्षेत्रातील विविध कामांची व्यावसायिक मानके तयार केली आहेत. लहान केंद्रालाही पाळता येतील अशी प्रमाणके पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(१) गाडी ताब्यात घेताना ग्राहकासमक्ष असलेले ओरखडे व पोचे यांची नोंद करणे. (२) दरपत्रकात प्रत्येक कामाचा अर्थ लिहिणे. ‘ओरखडे झाकणे’ व ‘ओरखडे काढणे’ यांचे दर वेगळे दाखवणे. (३) साबणासाठी व फडके खळबळण्यासाठी वेगळ्या बादल्या आणि चाकांसाठी वेगळी फडकी ठेवणे. (४) रबिंगपूर्वी जाडीमापकाने रंगाची जाडी पाहणे. पत्र्यावरील रंगाला धक्का न लावता हे उपकरण मोजमाप करते. (५) पॉलिशनंतर एका भागावरील तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून खरा पृष्ठभाग ग्राहकाला उन्हात दाखवणे. (६) वापरलेल्या द्रव्यांची मूळ बाटली दाखवणे व तिचे नाव बिलावर लिहिणे. (७) कामगारास संरक्षक साधने देणे. (८) जे काम होणार नाही, ते होणार नाही असे आधीच सांगणे.

यांपैकी बहुतेक बाबींना खर्च नाममात्र आहे. विशेषतः पाचवी बाब ॲकरलॉफ यांनी दाखवलेल्या अडचणीवरील साधा उपाय आहे : विक्रेत्याजवळची माहिती ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आणणे. असे केल्याने जास्त दर घेणाऱ्या प्रामाणिक कारागिराला आपला दर समर्थनीय ठरवता येतो.

या संदर्भात महाविद्यालयांनाही भूमिका आहे. रसायनशास्त्र विभागास स्थानिक पाण्याची कठीणता व बाजारातील शाम्पूंचा सामू तपासण्याचे, वाणिज्य विभागास दरपत्रक व बिलांच्या सर्वेक्षणाचे, तर अर्थशास्त्र विभागास माहितीच्या विषमतेचे प्रत्यक्ष अध्ययन करण्याचे प्रकल्प विद्यार्थ्यांना देता येतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कौशल्य शिक्षणावर भर दिलेला आहे. त्यास अनुसरून अल्पमुदतीचा अभ्यासक्रमही आखता येईल.

निष्कर्ष :

वाहन-डिटेलिंग व्यवसायातील अप्रामाणिक आडवाटा या व्यक्तिगत लबाडीइतक्याच माहितीच्या विषमतेतून व दरांच्या स्पर्धेतून निर्माण होतात. त्यांची किंमत ग्राहकाचा रंग, कामगाराचे आरोग्य, गावचे पाणी आणि प्रामाणिक कारागिराचा रोजगार अशी चार ठिकाणी मोजली जाते. कायदा उपलब्ध आहे, परंतु बिल व नोंद यांच्या अभावी तो निष्प्रभ ठरतो. म्हणून कामाचे टप्पे ग्राहकास दिसतील अशी प्रमाणके स्वीकारणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. दळण, झाडलोट, धुणी ही नित्याची कामे हीच उपासना मानणारी परंपरा जनाबाईंच्या नावाने गंगाखेडशी जोडलेली आहे. कोणी पाहत नसताना नीट केलेले काम हे त्या परंपरेचे मोल आहे आणि या नव्या व्यवसायाची गरजही तीच आहे.