आरमाराची छावणी

जुन्या आरमारी लेखनांत ‘छावणी’ हा शब्द येतो. छावणी म्हणजे लष्कराचा तळ, हा रूढ अर्थ मनांत धरून वाचणारास बंदरावर राहुट्या ठोकून पडलेली फौज दिसूं लागते. आमच्या मतें येथें विवक्षित अर्थ निराळा आहे. पावसाळ्यापुरतीं गलबतें आडोशाच्या पाण्यांत आणून राखणें, ही आरमाराची छावणी होय.

शब्दाचें मूळ पाहतां हें स्पष्ट होतें. संस्कृत ‘छद्’ म्हणजे झांकणें, त्यावरून छादन. प्राकृतांत दोन स्वरांमधील दकार लोपून छावणीचें रूप सिद्ध होतें. आच्छादन हा मूलार्थ, पावसांतील मुक्काम हा त्यापासून निघालेला, आणि बारमाही लष्करी वस्ती हा सर्वांत अलीकडचा. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणींत काढून दसऱ्यास सीमोल्लंघन करीत, हें वाचकांस विदित आहेच. कोंकण किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वीं होड्या ओढून झांपांनीं झांकतात, त्यास ‘होड्या शाकारणें’ म्हणतात. घर शाकारणें आणि होडी शाकारणें यांत क्रियापद एकच. छावणीच्या मुळाशींहि तीच कल्पना आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचें. त्यांतील आरमाराच्या प्रकरणांत आगोटीच्या कांहीं दिवस आधींच आरमार छावणीस न्यावें, उघड्या समुद्रतीरीं ठेवूं नये, आणि प्रतिवर्षीं एकच बंदर योजूं नये, अशा आशयाची ताकीद आहे. बंदर दरवर्षीं बदलावयाचें, पण छावणी ठरल्या ऋतूंतच व्हावयाची. अर्थात् ‘बंदर’ हा फारसी शब्द स्थळ दाखवितो, तर ‘छावणी’ ऋतु आणि कृति दाखविते. शिलाहार अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटांत स्थानक, शूर्पारक इत्यादि ठिकाणांस ‘वेलाकूल’ म्हटलें आहे. तोहि स्थलवाचकच शब्द.

आतां आमच्या परिसराकडे वळूं. कामतघर हें भिवंडी शहरांत सामावलेलें गांव. येथील वऱ्हाळा तलाव गोड्या पाण्याचा. त्याचा गलबतांशीं संबंध नाहीं. परंतु भिवंडीची खाडी उल्हासेच्या खाडीस मिळते व ती वसईपाशीं समुद्रास. शिवाजीमहाराजांनीं १६५७ त कल्याण-भिवंडी घेतली, आणि १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत या बाजूस त्यांचीं गलबतें बांधलीं जात असल्याचा उल्लेख आहे. खाडी समुद्रापासून आंत असल्यानें नैर्ऋत्येच्या लाटांपासून येथें सहज संरक्षण मिळे. तथापि एवढ्यावरून ‘भिवंडीस आरमाराची छावणी असे’ असें लिहिणें युक्त नव्हे. बांधणी निराळी, छावणी निराळी. एकीचा पुरावा दुसरीस चालत नाहीं.

हा भेद कागद लावतांना उपयोगी पडतो. मिति फाटून गेलेल्या पत्रांत गलबतें छावणीस आणल्याचा मजकूर असल्यास तें पत्र आगोटीच्या आगेंमागेंचें असण्याचा संभव अधिक. छावणी मोडून गलबतें बाहेर काढल्याचा असल्यास तें पावसाळा सरतांनाचें. वर्ष यावरून ठरत नाहीं, पण महिन्यांचा आवांका खचित कमी होतो.

आजहि महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. शब्द विसरला गेला तरी रीत चालू आहे. संग्राहकांनीं आपल्या दप्तरांतील असे कागद काढून पाहावे, आणि त्यांतील छावणी फौजेची कीं गलबतांची, हें आधीं ठरवूनच पुढील अनुमान करावें, अशी आमची विनंति आहे.