नवऱ्याची सही लागत नाही

मायबहिणींनो, घरातल्या म्हाताऱ्या आत्याला किंवा आजीला एकदा जवळ बसवून विचारा, तिच्या तरुणपणी गावातली कोणती बाई 'पोटात दुखून' गेली? नाव सांगताना ती आवाज खाली आणील. पाचवी-सहावी खेप, अंगावरचं पोर अजून पितंय, सुगी तोंडावर आणि पाळी चुकलेली. मग कुणी जाणती म्हणवणारी बाई अंधार पडल्यावर यायची, काडी नाहीतर झाडाची मुळी घालायची. दोन-तीन दिवसांनी हुडहुडी भरून ताप. तरी दवाखाना नाही, कारण नेलं तर पोलिसात जाईल ही भीती.

भीती खोटी नव्हती. १८६० च्या इंडियन पिनल कोडाच्या ३१२ व्या कलमानं, बाईचा जीव वाचवण्यापुरतं सोडलं, तर गर्भपात गुन्हाच होता. शिक्षा करणाऱ्याला, तशीच त्या बाईलाही!

गर्भाचा अंश आत राहिला की रक्त थांबत नाही. मळक्या काडीनं आत पू होतो, विष रक्तात भिनतं. पिशवीला भोक पडतं, कधी धनुर्वात होतो. चांगल्या दवाखान्यात सुरुवातीच्या दिवसांत हेच काम थोड्या मिनिटांचं असतं.

१९६४ साली केंद्र सरकारनं यावर समिती नेमली. अध्यक्ष होते आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. १९७१ ला कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

नुसत्या कायद्यानं मरणं थांबतात का, असं कुणी विचारील. रुमानिया देशाचं पाहा. तिथं १९६६ साली गर्भपातावर बंदी आली आणि बाया चोरून पोट पाडून मरू लागल्या. डिसेंबर १९८९ मध्ये सरकार पडलं, बंदी उठली. पुढच्या वर्षभरात तिथल्या मातामृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. दवाखाने तेच, बाया त्याच.

आपल्याकडं मात्र कायदा कागदावर लवकर आला, गावात उशिरा. २००१ ते २००३ च्या सरकारी पाहणीत शंभर मातामृत्यूंपैकी आठ गर्भपातामुळं झालेले दिसले. कायदा होऊन तीस वर्षं झाली होती! अजूनही पुष्कळांना वाटतं की गर्भपातच बेकायदा. गर्भलिंग तपासणं गुन्हा आहे, ते वेगळं. दोन्हींची गल्लत करू नका.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर, कायद्यात दिलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कार, अल्पवयीन मुलगी, विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली बाई अशा काही बाबतींत दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. बाई अठरा वर्षांवरची असेल तर संमती फक्त तिची. नवऱ्याची, सासूची सही कायदा मागत नाही. कुणी मागितली तर तसं सांगा. नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

आणि दुकानातून गुपचूप गोळ्या आणू नका. गर्भ नळीत असला तर गोळीनं तो पडत नाही, नळी फुटून जीव जातो. आधी डॉक्टरला दाखवा.

गर्भपातानंतर तासाला दोन मोठ्या घड्या भिजून असं दोन तास चाललं, ताप आला, घाण वास येऊ लागला, पोट कडक होऊन दुखू लागलं किंवा घेरी आली, तर रात्र असो की पेरणीचा दिवस, १०८ ला फोन करा. काय केलं, कुठं केलं, ते डॉक्टरला खरं सांगा.