काचेच्या गोटीचा जगप्रवास

किराणा दुकानाच्या फळीवरील बरणीतून रंगीत गोट्या डोकावत असत, तो काळ फार जुना झालेला नाही. घेणारा मूठभर गोट्या खिशात टाकून जाई आणि देणाऱ्याच्या रोजकीर्दीत त्या विक्रीची वेगळी नोंदही होत नसे. एवढ्या क्षुल्लक मालाची एक अट मात्र कडक आहे. गोटी सर्व बाजूंनी सारखी गोल असावी लागते. किंचितही चपटी असली तर ती सरळ घरंगळत नाही आणि मुले ती परत आणून देतात. वितळलेल्या काचेला असा नेमका आकार देणे, तोही लाखोंच्या संख्येने आणि अत्यल्प भावात, हे सोपे काम नव्हे. ते कोणत्या गावी साधले, कोणी साधले आणि त्यापायी कोण वर आले व कोण बुडाले, हा इतिहास व्यापारउदीम करणाऱ्या घरांनी जाणून घेण्याजोगा आहे.

पाणचक्कीपासून कात्रीपर्यंत

काचेच्या आधी माती आणि दगड यांच्या गोट्या होत्या. इंग्रजीत गोटीला ‘मार्बल’ म्हणतात ते संगमरवरावरूनच. जर्मनीच्या आग्नेय कोपऱ्यात, उंटर्सबर्ग पर्वताच्या परिसरातील आल्मबाख ओढ्यावर, १६८३ पासूनची परंपरा सांगणारी गोट्यांची पाणचक्की आजही पाहावयास मिळते. दगडाचे ओबडधोबड तुकडे गोल खोबण्या पाडलेल्या दगडी पाट्यावर ठेवावयाचे आणि वरची लाकडी चकती पाण्याच्या जोरावर फिरवावयाची, म्हणजे ते घासून घासून गोल होतात. येथे इंधनाचा खर्च शून्य. मात्र एक घाणा उतरावयास कित्येक तास, मोठ्या गोळ्यांना तर कित्येक दिवस लागतात. वेळ हेच तेथील खरे भांडवल होते.

काचेच्या गोटीचे माहेर म्हणजे जर्मनीच्याच थुरिंगिया प्रांतातील लाउशा हे डोंगराळ गाव. १५९७ मध्ये हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी येथे काचेची भट्टी उभारली. भट्टीला लागणारे लाकूड भोवतालच्या अरण्यात विपुल होते आणि त्या बळावर गाव पिढ्यान्‌पिढ्या काचकामावर जगले. नाताळच्या झाडाला टांगावयाचे काचेचे गोळे आणि कृत्रिम डोळे यांसाठीही लाउशाचे नाव झाले. १८४० नंतरच्या दशकात तेथील एलियास ग्राइनर याने एक साधेच हत्यार तयार केले. ती होती एक कात्री, जिच्या एका पात्याच्या टोकाला लहानशी वाटी होती. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र जुळवून त्यांवर पारदर्शक काचेचा थर द्यावयाचा, तापवून ती जाड कांडी पिळत लांबवावयाची आणि मऊ टोक वाटीत फिरवून गोल करून कापावयाचे, अशी ती रीत. आतील रंगांचे सुबक पीळ याच पिळण्यातून येत. कापल्याची खूण मात्र गोटीच्या टोकांवर राही. आज संग्राहक हीच खूण शोधून जुनी जर्मन गोटी ओळखतात.

या कात्रीने कामाचा वेग वाढला. तरीही प्रत्येक गोटी कारागिराच्या हातूनच जात असे. मजुरी स्वस्त होती आणि जगात दुसरा कोणी हा माल इतका सुंदर बनवत नव्हता, तोवर लाउशाचा व्यापार बिनधोक चालला.

अ‍ॅक्रन आणि एक हिशेबनीस

अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे शहर आहे. तेथे सॅम्युएल डाइक याने १८८० नंतरच्या दशकात मातीच्या गोट्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि खेळणे हा मुलांच्या स्वतःच्या पैशांनी घेता येणारा माल झाला. त्याच शहरात मार्टिन क्रिस्टेन्सन हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला कल्पक गृहस्थ राहत होता. यंत्रांना लागणारे पोलादी गोळे गोल करण्याचे यंत्र त्याने आधीच तयार केले होते. जे पोलादाला साधले ते काचेला का साधू नये, असा विचार करून त्याने खोबणीदार चाकांचे एक यंत्र बनवले. कारागीर वितळलेल्या काचेचा गोळा सळईवर घेई, त्याचा थेंब कापून चाकांच्या खोबणीत सोडला जाई आणि फिरता फिरता तो गोल व घट्ट होई. या यंत्राचे पेटंट त्याला १९०५ मध्ये मिळाले. टोकावर कापल्याची खूण नसलेली, यंत्राने गोल केलेली काचेची गोटी अशी बाजारात आली.

क्रिस्टेन्सनच्या कारखान्याच्या वह्या अत्यंत चोख ठेवलेल्या असत. परंतु ज्या होरेस हिल नावाच्या हिशेबनीसाच्या हाती त्या होत्या, त्यानेच मालकाच्या पैशांची अफरातफर केली. एवढ्यावर तो थांबला नाही. यंत्राची रचना त्याला आतून ठाऊक झाली होती. ती घेऊन तो अ‍ॅक्रनमध्येच उभ्या राहणाऱ्या ‘अ‍ॅक्रो अ‍ॅगेट’ या नव्या कंपनीला जाऊन मिळाला आणि १९१५ मध्ये सुधारित यंत्राचे पेटंटही त्याने आपल्या नावावर करून घेतले. रोकड गेली तर भरून काढता येते. धंद्याची विद्या गेली की तिची वसुली कोणत्याही वहीत दाखवता येत नाही. त्याच वर्षी क्रिस्टेन्सन मरण पावला. पुढे पहिल्या महायुद्धात नैसर्गिक वायू आवश्यक उत्पादनांकडे वळवण्यात आला, खेळण्यांची भट्टी पेटती ठेवणे अशक्य झाले आणि १९१७ मध्ये तो कारखाना बंद पडला.

अ‍ॅक्रो अ‍ॅगेटने मात्र दूरदृष्टी दाखवली. १९१४ मध्येच ती कंपनी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील क्लार्क्सबर्ग येथे गेली होती. काचेला लागणारी उत्तम वाळू आणि स्वस्त नैसर्गिक वायू तेथे हाताशी होते. युद्धामुळे जर्मन माल येणे थांबले आणि अमेरिकेची बाजारपेठ अ‍ॅक्रोसाठी मोकळी झाली. चोचीत आणि पायांत गोट्या धरून उडणारा कावळा हे तिचे बोधचिन्ह घरोघरी पोहोचले.

या यशालाही पुढे ओहोटी लागली. १९३० मध्ये अ‍ॅक्रोच्याच काही अनुभवी माणसांनी बाहेर पडून जवळच ‘मास्टर मार्बल’ ही कंपनी काढली. ज्या कंपनीचा पाया दुसऱ्याकडून आणलेल्या विद्येवर घातला गेला होता, तिनेच आता पेटंटभंगाची तक्रार घेऊन न्यायालयाचे दार ठोठावले. निकाल तिच्या बाजूने लागला नाही. पुढे १९५१ मध्ये अ‍ॅक्रोचीही भट्टी विझली.

आज गोटी कशी बनते

आजचे तंत्र त्या जुन्या यंत्रांचेच वारस आहे. सिलिका वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी हा काचेचा मूळ शिधा. त्यात फुटक्या काचेचा चुरा मिसळतात, कारण तो लवकर वितळतो आणि इंधन वाचवतो. बाटल्यांच्या भंगारातूनही उत्तम गोट्या होतात. भट्टीतील उष्णता १२०० अंश सेल्सिअसच्या वर असते. रंगासाठी धातूंची संयुगे लागतात; कोबाल्टने निळा, लोहाने हिरवा, मँगेनीजने जांभळा रंग येतो.

भट्टीच्या तळाच्या छिद्रातून काचेची दाट धार खाली येते. यांत्रिक कात्री तिचे सारख्या वजनाचे तुकडे करते. प्रत्येक तुकडा दोन लांब लोखंडी रुळांवर पडतो. रुळांवर मळसूत्रासारखी खोबण असते. रूळ फिरत राहतात, तुकडा गरगर फिरत पुढे सरकतो आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत गोल होऊन घट्ट बनतो. यानंतरची पायरी दिसावयास साधी, परंतु निर्णायक असते. गरम गोटी एकदम गार होऊ दिली तर बाहेरचा भाग आधी आकसतो, आत ताण साठतो आणि ती तडकते. म्हणून ती सावकाश निववावी लागते. या टप्प्यावरची घाई म्हणजे सगळ्या घाण्याचे नुकसान.

पारदर्शक गोटीच्या पोटातील रंगीत पाकळी बाहेरून कशी घातली जाते, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. ती बाहेरून घालत नाहीत. भट्टीतून उतरणाऱ्या स्वच्छ काचेच्या धारेतच रंगीत काचेच्या बारीक धारा सोडलेल्या असतात. तुकडा कापला जातो तेव्हा पाकळी आतच असते. ‘मांजराचा डोळा’ म्हणून ओळखली जाणारी ही जात जपानी कारखान्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत इतक्या स्वस्तात उतरवली की तेथील जुन्या कारखान्यांची घडी विसकटली. तीच गोटी स्वतः बनवता येईपर्यंत त्यांपैकी अनेकांचे गिऱ्हाईक निघून गेले होते. वेस्ट व्हर्जिनियातील पेडन सिटी येथील ‘मार्बल किंग’ हा कारखाना त्या वादळातून तरला.

जागतिक बाजारात सर्वांत मोठे नाव मात्र मेक्सिकोचे झाले. ग्वादालाहारा शहरातील ‘वाकोर’ या कंपनीचे उत्पादन दररोज एक कोटीच्या वर असल्याचे सांगितले जाते आणि तिचा माल अनेक देशांत जातो. एका गोटीवरील नफा नगण्य असतो. नफा संख्येत आणि सातत्यात असतो, कारण काचेची भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. मागणी असो वा नसो, भट्टी अहोरात्र इंधन खात राहते.

भारतातील धागा

भारतात गोटीचा एक वेगळा संसार आहे, तो सोड्याच्या बाटलीत. लंडनच्या हायरम कॉड याने १८७० नंतरच्या सुमारास अशी बाटली तयार केली, की जिच्या गळ्यातील गोटी आतल्या वायूच्या दाबाने रबरी कड्यावर घट्ट बसते आणि बूच म्हणून काम करते. युरोपात धातूची झाकणे आल्यावर ही बाटली मागे पडली. आपल्याकडे गोटी सोडा म्हणून ती टिकली. गोटी आत टाकल्यानंतर बाटलीचे तोंड आवळावे लागते, त्यामुळे ही बाटली साध्या बाटलीपेक्षा अधिक कष्टाची. उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यातील सासनी हे गाव या बाटल्यांसाठी प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्राने काचेचा धडा वेगळ्या वाटेने गिरवला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा या कल्पनेतून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे त्या निधीतून काच कारखाना सुरू झाला. तेथे शिकलेल्या तरुणांनी पुढे ठिकठिकाणी काचेचे कारखाने सांभाळले. क्रिस्टेन्सनची विद्या चोरीला गेली. तळेगावची विद्या मुद्दाम वाटण्यात आली. दोन्हीकडे विद्या पसरलीच, पण एकीकडे तिच्या मागे खटले उरले आणि दुसरीकडे कारागिरांची पिढी.

इंधनाचा प्रश्न मात्र कोणत्याही काळी सुटलेला नाही. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आग्रा परिसरातील उद्योगांना कोळसा सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा फिरोजाबादच्या काच उद्योगालाही नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. वायूचा भाव चढला की बांगडीपासून बाटलीपर्यंत प्रत्येक मालाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. लाउशाला अरण्याने तारले, क्लार्क्सबर्गला वायूने, आणि वायूअभावीच अ‍ॅक्रनचा कारखाना बुडाला.

मुलांच्या हातात आता वेगळी खेळणी आली असली तरी गोटीची गरज संपलेली नाही. फवारणीच्या रंगाचा डबा हलवल्यावर जो खडखड आवाज येतो, तो आतील गोटीचा. खाली बसलेला रंग ती ढवळते. काचतंतू बनवण्यासाठी काही कारखाने आधी काचेच्या गोट्या पाडतात आणि त्या वितळवून तंतू ओढतात. ज्या कारखानदारांनी खेळण्याच्या बाजारावरच सारी भिस्त ठेवली नाही, त्यांना या गिऱ्हाइकांनी पडत्या काळात हात दिला. बरणीतील माल तोच राहिला. घेणारा बदलला, आणि तो वेळीच ओळखणाऱ्यांच्या भट्ट्या पेटत्या राहिल्या.