आगबोट आली, तरी फ्लॅटबोट का टिकली?

"आगबोटींमुळे अमेरिकेचा पश्चिमेकडे विस्तार झाला" हे वाक्य परीक्षेत चालतं, संशोधनात अडतं. विस्तार नेमका कसा झाला आणि कोणाच्या जिवावर, हे त्यात येतच नाही.

आधी भूगोल बघू. अ‍ॅपलेचियन डोंगरांच्या पश्चिमेचा शेतकरी आपला माल ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवरून खाली न्यू ऑर्लिन्सला पाठवायचा. त्यासाठी फ्लॅटबोट पुरायची. म्हणजे काय, तर सपाट बुडाची, पेटीसारखी लाकडी होडी, प्रवाहाबरोबर वाहत जाणारी. ती उलट आणणं परवडायचं नाही, म्हणून माल उतरला की ती मोडून लाकूड विकायचे. नावाडी शेकडो मैल चालत घरी यायचे. कीलबोट उलट यायची खरी, पण काठ्यांनी रेटत, दोरांनी ओढत. न्यू ऑर्लिन्सहून लुईव्हिल गाठायला तिला तीन-चार महिने लागत. १८१५ मध्ये 'एंटरप्राइझ' या आगबोटीने हेच अंतर साधारण २५ दिवसांत कापलं.

मग फ्लॅटबोट संपायला हवी होती ना? पण १८४० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सला येणाऱ्या फ्लॅटबोटी १८१० च्या दशकापेक्षा जास्त होत्या! एक मोठं कारण साधं आहे: नावाडी आता आगबोटीच्या डेकवर स्वस्तात बसून लवकर घरी परतू लागले. नव्या साधनाने जुन्याला हातच दिला.

हाइट्स, मॅक आणि वॉल्टन या आर्थिक इतिहासकारांनी वाहतुकीचे दर दिशेनुसार वेगळे काढून पाहिले. प्रवाहाविरुद्धचे दर प्रवाहाबरोबरच्या दरांपेक्षा कितीतरी जास्त घसरले होते. दोन्हींची सरासरी काढली असती, तर हा फरक दिसलाच नसता.

आता पुढचा प्रश्न: प्रवाहाविरुद्ध वर काय काय गेलं? साखर, कॉफी, अवजारं, वसाहतवाले. मिसूरी नदीवरून फर कंपनीचा मालही. १८३७ मध्ये 'सेंट पीटर्स' या आगबोटीबरोबर देवीची साथ वर पोहोचली आणि मँडन जमातीतले बहुतेक लोक मेले. मिसिसिपीवर कापसाच्या गाठी आणि विकली जाणारी गुलाम माणसं दोन्ही आगबोटींनीच वाहिली. दरांच्या तक्त्यात या माणसांची किंमत दिसते, हानी दिसत नाही. त्यासाठी वेगळी साधनं वाचावी लागतात: प्रवाशांच्या रोजनिश्या, व्यापाऱ्यांची पत्रं, गुलामीतून सुटलेल्यांची आत्मकथनं.

तेव्हा तुमच्या आराखड्यात "अमुक तंत्रज्ञानामुळे तमुक झालं" असं वाक्य असेल, तर त्याला तीन प्रश्न विचारून बघा. कोणत्या दिशेने? जुन्या साधनांचं काय झालं? आणि फायद्याच्या हिशेबात कोण मोजलंच गेलं नाही? बहुतेक वेळा तुमचा खरा संशोधनप्रश्न यातल्याच एका उत्तरात सापडेल.