डोलत्या डेकवरचा नेम

जहाज डाव्या अंगाला कलतं तेव्हा उजवीकडच्या तोफेचं तोंड आभाळाकडे उचललं जातं. ते परत उजवीकडे झुकलं की तेच तोंड लाटांकडे उतरतं. दीड किलोमीटरवर तरंगणारं कापडी निशाण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी डोळ्यांसमोरून सरकून जातं. 1890 च्या दशकात ब्रिटिश आरमारातल्या तोफचीकडे यावर एकच उपाय होता, वाट पाहणं. अंतराच्या हिशेबानं तोफेचा कोन एकदा बसवायचा, तो हलवायचा नाही, आणि हेलकाव्याबरोबर नेमाची रेषा निशाणावर येईल तो क्षण पकडायचा. तोही जरा आधीच पकडायचा, कारण डोळ्याला दिसून बोटानं खटका ओढेपर्यंत आणि दारू पेटून गोळा नळीबाहेर पडेपर्यंत जहाज आणखी थोडं कललेलं असतं. हा उशीर प्रत्येक माणसाचा वेगळा. त्यामुळे उत्तम तोफची म्हणजे अंदाज बरा असलेला माणूस, एवढाच त्याचा अर्थ होता.

या पद्धतीनं काय साधायचं ते 1899 मध्ये अमेरिकी आरमारानं तपासून पाहिलं. त्यांच्या पाच युद्धनौकांनी 1,600 यार्डांवरून एका जुन्या जहाजावर प्रत्येकी पाच मिनिटं मारा केला. पंचवीस मिनिटांच्या भडिमारानंतर हिशेब झाला तेव्हा फक्त दोन गोळे लागलेले आढळले, तेही शिडांना.

त्याच वर्षी भूमध्य समुद्रात कॅप्टन पर्सी स्कॉट यांच्या 'सिला' या क्रूझरनं वार्षिक बक्षिसी नेमबाजीत 70 पैकी 56 गोळे निशाणावर बसवले. म्हणजे 80 टक्के. तोफा जगावेगळ्या नव्हत्या आणि खलाशीही तेच होते. बदलली होती ती काम करायची रीत, आणि ती एका माणसाकडे नीट पाहण्यातून सापडली होती.

स्कॉट 1866 मध्ये तेराव्या वर्षी 'ब्रिटानिया' या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाले होते. ते ज्या आरमारात वाढले, तिथे जहाजाची चमक ही कप्तानाची अब्रू असे. रंगरंगोटीवर अधिकारी पदरचे पैसे घालत, पितळ आरशासारखं घासून घेत. तोफा उडाल्या की धुरानं रंग काळवंडतो, म्हणून तिमाही सराव लवकर उरकण्याकडे कल. ट्रफल्गरच्या लढाईनंतर जवळजवळ शतकभर या आरमाराला तुल्यबळ शत्रूशी मोठी समुद्री लढाई करावी लागली नव्हती. नेम चुकल्याची किंमत कुणी मोजलीच नव्हती.

1898 मध्ये खवळलेल्या समुद्रात 'सिला'चा सराव चालला होता. सगळ्यांचे गोळे वाया जात होते, एकाचे मात्र बरे बसत होते. स्कॉट त्याच्याकडे पाहत राहिले. तो तोफची नकळत तोफ वरखाली करणाऱ्या चाकाशी झटत होता. जहाज कललं की चाक थोडं उलट फिरवून तो नेमाची रेषा निशाणावर ठेवू पाहत होता. तो क्षणाची वाट पाहत नव्हता. प्रत्येक क्षण आपलासा करायचा त्याचा प्रयत्न होता.

इथे स्कॉट यांचं वेगळेपण दिसतं. दुसऱ्या एखाद्या कप्तानानं त्या खलाशाला शाबासकी देऊन विषय संपवला असता. स्कॉट यांनी मात्र त्याला अडवणाऱ्या गोष्टी शोधल्या. चाकाचे दाते असे होते की पुष्कळ फिरवावं तेव्हा तोफ थोडी हलायची; त्यांचं प्रमाण बदलून घेतलं. नेमाची दुर्बीण तोफेबरोबर मागे झटका खायची, त्यामुळे शहाणा माणूस डोळा तिच्यापासून लांबच ठेवायचा. बार उडाला तरी दुर्बीण जागची हलू नये अशी ती बसवली. आता डोळा न काढता, हात न थांबवता, हेलकाव्याच्या सबंध फेऱ्यात नेम धरून ठेवता येणार होता. एकाचं जे नैसर्गिक कसब होतं, ते इतरांना शिकवण्याजोगं झालं.

शिकवण्यासाठी 'डॉटर' आला. तोफेसमोर एक छोटं निशाण सतत वरखाली सरकत राहायचं. तोफचीनं दुर्बिणीतल्या आडव्या-उभ्या तारांचा छेद त्यावर धरून ठेवायचा आणि खटका दाबायचा. खटका दाबताच पेन्सिल कागदावर ठिपका उमटवायची. बंदरात, दारूचा कणही न जाळता, हा सराव दिवसभर करता येई. चूक कुठे झाली ते कागदावर लगेच दिसे, वादाला जागा उरत नसे. गोळा भरणाऱ्यांसाठी वेगळं खोटं यंत्र होतं. सहा इंची तोफेचा गोळा 100 पौंडांचा, म्हणजे सुमारे 45 किलोचा. तो उचलून नळीत सारण्याच्या हालचाली अंगात मुरल्याशिवाय मिनिटात गोळ्यांची संख्या वाढत नाही. नेमका आणि जलद मारा ही स्कॉट यांच्या लेखी एकच गोष्ट होती.

पुढे स्कॉट यांना 'टेरिबल' या क्रूझरचं नेतृत्व मिळालं. चीनकडे जाताना वाटेत, दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं होतं. तिथल्या लेडीस्मिथ गावातल्या ब्रिटिश फौजेकडे लांब पल्ल्याच्या तोफा नव्हत्या, तेव्हा स्कॉट यांनी सायमन्स टाउनच्या गोदीत लाकडी तुळयांवर जहाजी तोफा बसवण्याची युक्ती काढली आणि त्या डर्बनमार्गे रेल्वेनं वेळेवर पोचल्या. त्या प्रसंगानं स्कॉट यांचं नाव घरोघरी गेलं. पण मोठं काम चीनच्या समुद्रातच झालं. तिथे 'टेरिबल'वरच्या ग्राउंड्स नावाच्या तोफचीनं सहा इंची तोफेतून एका मिनिटात आठ गोळे झाडले आणि आठही बसवले.

तिथेच अमेरिकी लेफ्टनंट विल्यम सिम्स यांनी ही रीत पाहिली आणि वॉशिंग्टनला अहवालांमागून अहवाल धाडले. तिथल्या अधिकाऱ्यांनी जमिनीवर पक्की बसवलेली तोफ घेऊन प्रयोग केला, आणि ती इतक्या वेगानं वरखाली करणं पाच माणसांनाही जमणार नाही असा निष्कर्ष काढला. हिशेबात चूक नव्हती, जागा चुकली होती. जहाजावर हलतं ते जहाज. समतोल बसवलेली जड तोफ आपल्या जडत्वानं आहे त्या दिशेलाच राहू पाहते, माणसाला फक्त घर्षणावर मात करायची असते. डेकवर उभं राहिल्याशिवाय हे कळणं कठीण. शेवटी सिम्स यांनी थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लिहिलं आणि 1902 मध्ये अमेरिकी आरमाराची नेमबाजी सिम्स यांच्या हाती आली.

इंग्लंडमध्ये स्कॉट 1903 मध्ये पोर्ट्समथजवळच्या व्हेल आयलंडवर, आरमाराच्या तोफशाळेचे प्रमुख झाले आणि 1905 मध्ये नेमबाजीचे निरीक्षक. हा माणूस सोपा नव्हता. त्यांच्या जिभेला धार होती आणि वरिष्ठांचा मुलाहिजा ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. 1907 मध्ये जर्मन सम्राटाच्या भेटीसाठी ॲडमिरल बेरेसफर्ड यांनी सराव आटोपून जहाजं रंगवायचा आदेश दिला. तेव्हा स्कॉट यांनी आपल्या हाताखालच्या एका जहाजाला, इथे तोफांपेक्षा रंगाला मागणी जास्त दिसते, अशा अर्थाचा संदेश पाठवला. बेरेसफर्डनी ताफ्यासमोर त्यांची कानउघाडणी केली आणि ते भांडण वर्तमानपत्रांत गाजलं. लहानपणापासून पाहिलेल्या चमकदार पितळेचा राग त्या संदेशात होता. आदेश वरिष्ठाचा होता हे खरं, पण माझं मन स्कॉट यांच्या बाजूनं जातं.

दरम्यान लढाईचं अंतर वाढत होतं. टॉर्पेडोचा पल्ला लांबला, म्हणून जहाजांना दुरूनच लढावं लागणार होतं. तिथे गोळा पडल्यावर उडणारा पाण्याचा फवारा पाहूनच अंतर सुधारता येतं. प्रत्येक तोफ आपापल्या वेळी उडाली तर कुठला फवारा कुणाचा ते कळेना. खाली तोफेच्या बुरुजातल्या तोफचीला धूर आणि उडणारं पाणी यांतून शत्रू दिसेना, दिसलाच तर शेजारच्या बुरुजानं भलत्याच जहाजावर नेम धरलेला असे.

ज्या हातांना आपण घडवलं, त्यांच्याच हातून आता नेम काढून घ्यायचा, हे स्कॉट यांना पटवून द्यावं लागलं नाही. त्यांनीच ते सुचवलं. पुढच्या डोलकाठीवर, धुराच्या वर, एक मुख्य नेमयंत्र बसवायचं: 'डायरेक्टर'. तिथला एक माणूस नेम धरेल. त्याचा कोन आणि दिशा विजेच्या तारांतून प्रत्येक बुरुजातल्या तबकडीवर काट्यानं दिसेल. खालच्यांनी आपला काटा त्या काट्याशी जुळवत राहायचं, आणि वरून एक खटका दाबला की सगळ्या तोफा एकदम उडतील. खालचा तोफची ज्या कसबासाठी वर्षानुवर्षं घासला गेला होता, ते या रचनेत दुय्यम ठरत होतं, आणि अनेक अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. वाद वर्षानुवर्षं चालला.

नोव्हेंबर 1912 मध्ये आयर्लंडच्या बेरहेवनजवळ 'थंडरर' आणि 'ओरायन' या एकाच वर्गातल्या दोन जहाजांची परीक्षा झाली. 'थंडरर'वर डायरेक्टर होता, 'ओरायन'वर जुनी रीत. साडेतीन मिनिटांच्या माऱ्यात 'थंडरर'नं 'ओरायन'च्या सहापट गोळे लावले. तरीही ऑगस्ट 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हे यंत्र बसवलेल्या युद्धनौका आठच होत्या. मधल्या काळात निवृत्त झालेल्या स्कॉट यांना परत बोलावण्यात आलं आणि उरलेल्या जहाजांवर डायरेक्टर बसवण्याच्या कामाला त्यांनी वेग दिला.

31 मे 1916 ला जटलंडच्या समुद्री लढाईत ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल जेलिको यांच्या युद्धनौकांपैकी 'एरिन' आणि 'एजिनकोर्ट' या दोनच डायरेक्टरविना होत्या. बाकीच्यांच्या बुरुजांत तोफचींचे हात चाकावरच होते, पण त्यांचे डोळे तबकडीवरच्या दोन काट्यांवर खिळलेले होते. नेमाची दुर्बीण शेजारी होती, ती डायरेक्टर निकामी झालाच तर वापरायची.